बावन्नावा भागाकार

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सोलापूरच्या भवानी पेठेत पहाट होत असे ती मागांच्या आवाजाने. कोंबडा आरवण्याच्या आधीच कोठे तरी एक धोटा चालू होई. मग शेजारच्या घरातला, मग समोरच्या. आणि सूर्य वर येईपर्यंत सारी गल्ली त्या एका ठेक्यात बुडून जाई. या पेठेत राहणाऱ्या पुष्कळ पद्मशाली कुटुंबांत घरची भाषा तेलुगू आणि शाळेची मराठी. त्यामुळे येथील मुलांना मोजणीही दोन भाषांत येत असे. घरी सुताच्या लडी मोजताना ओकटि, रेंडु, मूडु. शाळेत पाढे म्हणताना एक, दोन, तीन.

अशाच एका विणकराच्या घरी एक बारा वर्षांचा मुलगा होता. वडील मागावर बसत, आई रहाटावर कांड्या भरी, आणि शाळा सुटल्यावर मुलाकडे एकच काम असे. पण ते काम हलके नव्हते. मागावर चढवलेल्या ताण्यात एखादा धागा तुटला आहे की काय, हे त्याने दिवेलागणीला पाहून ठेवायचे. केसासारखे बारीक, शेकडो धागे शेजारी शेजारी ताणलेले असत. कंदील जवळ धरायचा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तळहात अलगद फिरवायचा, आणि जेथे धागा सैल लागेल तेथे थांबून वडिलांना हाक मारायची. वडील ते टोक शोधून सांधत. तुटका धागा तसाच राहिला आणि विणकाम पुढे गेले, तर कापडावर उभी विरळ रेघ पडते. नंतर धागा सांधला तरी मागे पडलेली रेघ काही जात नाही.

मुलाला हे काम नावडते होते असे नाही. पण अलीकडे त्याचे मन आकड्यांत गुंतले होते. याला कारण शाळेतील गणिताचे गुरुजी. दर शनिवारी शेवटच्या तासाला ते फळ्यावर एखादे नवल लिहीत आणि मुलांना त्याचा विचार करण्यासाठी रविवार देत. अशाच एका शनिवारी त्यांनी फळ्यावर ओळीने नऊ एक लिहिले आणि त्या संख्येचा वर्ग काढून दाखवला:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

अंक एकापासून नवापर्यंत पायऱ्या चढून गेले आणि तशाच पायऱ्या उतरून खाली आले. सारा वर्ग टक लावून पाहत राहिला. मग गुरुजींनी सांगितले, की अशा संख्यांचा छंद आपल्याच महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांना आहे. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डहाणूला १९०५ साली जन्मलेले हे गृहस्थ नाशिकजवळच्या देवळालीत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. आगगाडीच्या प्रवासात एका स्थानकावर त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांनी त्यांना त्या स्थानकाचेच नाव दिले: डेम्लो संख्या. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. सोलापूरहून मुंबईला जाणारी गाडी याच डोंबिवलीवरून जाते, हे ऐकून मुलांना त्या मास्तरांविषयी एकदम आपुलकी वाटू लागली. मोठमोठ्या पंडितांनी मात्र कापरेकरांच्या या छंदाकडे बरीच वर्षे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव दूरदेशी पोचले.

वर्ग संपता संपता गुरुजींनी प्रश्न टाकला. "अकरा ही मूळ संख्या आहे. तिला एक आणि अकरा यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. आता नुसते एक लिहीत पुढे जा. एकशे अकरा, एक हजार एकशे अकरा, याप्रमाणे. यांत पुन्हा मूळ संख्या कोठे भेटते, ते शोधून आणा."

सोमवारपर्यंत मुलांनी बरेच अंतर कापले होते. १११ म्हणजे ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. पाच एकांनी मुलांना फार दमवले; अखेर ४१ × २७१ = ११,१११ हे दोघांनी मिळून शोधून काढले. सहा एकांची गोष्ट आपल्या विणकराच्या मुलाने सांगितली, आणि ती त्याने भागाकार न करता सांगितली.

रविवारी तो अंगणात सुताच्या सहा लडी मांडून बसला होता. सहा लडींच्या तीन-तीनच्या दोन जुड्या होतात. तसेच सहा एकांचेही होते! १११,१११ यात १११ हेच एकदा हजारांच्या जागी बसले आहे आणि एकदा एककांच्या. तेव्हा १११ ने भाग जाणारच, आणि उत्तर येणार १००१. दोन-दोनच्या जुड्या बांधल्या तर ११ नेही भाग जातो. म्हणजे जितके एक लिहिले आहेत, त्या आकड्याच्या सारख्या जुड्या बांधता आल्या, तर ती संख्या मूळ असूच शकत नाही. आठ, नऊ, दहा, बारा एक तपासण्याची गरजच उरली नाही. जुड्या होत नाहीत असे आकडे म्हणजे सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस; पाहायचे ते एवढेच.

गुरुजींनी त्याला उभे करून त्याची पाठ थोपटली. येथवर सारे ठीक झाले. पण कौतुकाने माणूस थोडा उतावळा होतो. मुलाने त्याच आठवड्यात सात एक हाती घेतले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. दोनाने भागले, बाकी उरली. तीनाने, बाकी उरली. पाच, सात, अकरा, तेरा असे करीत शंभराच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून पाहिले. प्रत्येक वेळी बाकी उरली. शुक्रवारी तो स्वतःच फळ्यापाशी गेला आणि त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिले, "१११११११ ही मूळ संख्या आहे."

गुरुजींनी विचारले, "कोठपर्यंत पाहिलेस?"

"शंभरापर्यंत, गुरुजी."

गुरुजींनी ते वाक्य पुसले आणि त्याच्या जागी लिहिले, "१११११११ या संख्येला शंभरापर्यंत भाजक सापडला नाही."

मुले हसली. मुलगा खाली मान घालून जागेवर येऊन बसला. दोन्ही वाक्यांत असा काय फरक होता, ते त्याला उमगेना. पंचवीस वेळा भागून जे मिळाले नाही, ते आता कोठून मिळणार? आपल्याला वर्गात उगीच खाली पाहायला लावले, असे त्याच्या मनाने घेतले, आणि तो विचार घरी येईपर्यंत वाढतच गेला.

त्या संध्याकाळी त्याने कंदील धरला, ताण्यावर हात फिरवला, पण डोके फळ्यापाशीच राहिले होते. हात निम्म्याच्या थोडा पुढे गेला असेल. तेवढ्यात वडिलांनी आतून विचारले, "काही तुटले आहे का?" मुलाने उत्तर दिले, "काही तुटलेले नाही."

दुसऱ्या दिवशी वडील नेहमीप्रमाणे अंधारातच मागावर बसले. ते लुगडे व्यापाऱ्याकडे लवकर पोचवायचे होते, कारण संक्रांत जवळ आली होती. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. तिला तेथे गड्ड्याची यात्रा म्हणतात, आणि पेठेतली मुले वर्षभर तिची वाट पाहतात. या लुगड्याच्या पैशांतून चार आणे यात्रेसाठी बाजूला ठेवायचे असे ठरले होते. उजाडल्यावर पाहतात तो उजव्या काठाजवळ दोन हात लांब विरळ रेघ पडलेली! व्यापाऱ्याने माल घेतला, पण त्या रेघेवर बोट ठेवून किंमत कमी केली. यात्रेचे चार आणे तेथेच गेले.

वडील रागावले असते तर बरे झाले असते. ते रागावले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी तेलुगूत एवढेच विचारले, "तू शेवटच्या काठापर्यंत हात नेला होतास का?" मुलगा गप्प राहिला. "मग मला दिसला नाही, असे सांगायचे. मी उठून पुढचे पाहिले असते. तू नाही म्हणालास, म्हणून मी बसलो."

त्या रात्री मुलाला लवकर झोप आली नाही. फळ्यावरची दोन वाक्ये त्याला आता निरनिराळी दिसू लागली होती.

सोमवारी त्याने गुरुजींना गाठून विचारले, "शेवटचा काठ कोठे आहे?" गुरुजींना त्या शब्दाचा उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग ते म्हणाले, "१०५४." एखाद्या संख्येचे दोन भाग पडत असतील, तर दोन्ही भाग फार मोठे असू शकत नाहीत, एक मोठा असेल तर दुसरा लहान असलाच पाहिजे. १०५५ चा वर्ग होतो ११,१३,०२५, म्हणजे तो अकरा लाख अकरा हजार एकशे अकरापेक्षा अधिक. तेव्हा भाजक असेलच, तर एक तरी १०५४ च्या आत सापडला पाहिजे. तेथपर्यंत कोणीच सापडला नाही, तर मग "नाही" असे खुशाल म्हणावे. तेथपर्यंत मूळ संख्या आहेत १७७. त्यांपैकी मुलाच्या झाल्या होत्या पंचवीस.

सुताच्या पुड्यांवरचा जाड कागद घरात भरपूर असे. मुलाने त्यावर आकडे मांडले. दोनाच्या पटीतले खोडले, तीनाच्या, पाचाच्या, सातांच्या पटीतले खोडले, आणि उरलेल्या मूळ संख्या पाटीच्या कडेला टिपून घेतल्या. मग रोज ताण्याचे काम आधी, दोन्ही काठांपर्यंत; आणि मागाहून भागाकार. १०१, बाकी. १०३, बाकी. एखादे वेळी बाकी फार थोडी उरे आणि त्याचा श्वास अडके. १५१, १५७, १६३. त्याच्या धाकट्या बहिणीला वाटे, याला शाळेत कसली तरी शिक्षा झाली आहे. गड्ड्याची यात्रा त्याच दिवसांत येऊन गेली. गल्लीतली मुले शिट्ट्या आणि भिरभिरी घेऊन परतली, आणि हा २११ ने भागत बसला होता.

२२३, २२७, २२९, २३३. एक्कावन्न भागाकार झाले. बावन्नावी संख्या होती २३९. तिने भागायला सुरुवात केली तेव्हा त्याला विशेष काही वाटत नव्हते. चार गेला, सहा गेला, चार गेला, आणि शेवटी नऊ वेळा गेला तेव्हा पाटीवर खाली शून्य उरले. त्याने पाटी पुसून भागाकार पुन्हा केला. पुन्हा शून्य.

२३९ × ४६४९ = ११,११,१११

शनिवारी वर्गात त्याने हे दाखवले. दोन आठवड्यांपूर्वी "मूळ संख्या आहे" असे ज्या हाताने लिहिले होते, त्याच हाताने ती मूळ नाही, हे लिहिले. या वेळी कोणी हसले नाही. गुरुजींनी मात्र एक निराळीच गोष्ट काढली. ते म्हणाले, "२३९ मधून एक वजा कर. २३८. त्याला सातांनी भाग जातो का पाहा." गेला; ३४ वेळा. "४६४९ मधून एक वजा कर." ४६४८, सातांनी ६६४ वेळा भाग गेला. पाच एकांचे भाजक होते ४१ आणि २७१. एक वजा केल्यावर ४० आणि २७०. दोहोंना पाचाने भाग जातो. तीन एकांत ३ हा भाजक तेवढा या नियमाला जुमानत नाही, ३७ मात्र जुमानतो. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फर्मा नावाचा गणिती होऊन गेला. त्याने शोधलेल्या एका सिद्धांतातून हा नियम निघतो. सात एकांचा मूळ भाजक १४ च्या पटीत एक मिळवून आलेला असलाच पाहिजे. १४ ची पटी घ्यावी, कारण भाजक विषम आहे. अशा मूळ संख्या ओळीने पाहिल्या तर २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, आणि लगेच २३९. म्हणजे बावन्न नव्हे, आठच भागाकारांत काम होते!

मुलाचा चेहरा पडला. "गुरुजी, हे आधी का नाही सांगितले?"

गुरुजी हसून म्हणाले, "आधी सांगितले असते तर तुला त्याचे काय वाटले असते?"

हे उत्तर मुलाला त्या दिवशी फारसे पटले नाही. आणि खरोखर ते सगळ्यांना पटावे असेही नाही. पण त्याने आठही संख्या पाठ करून टाकल्या.

पुढचा प्रवास गुरुजींनीच सांगितला. अकरा एक फुटतात: २१६४९ × ५१३२३९. तेरा एकांचे तर तीन तुकडे होतात, ५३, ७९ आणि २६५३७१६५३. सतरा एकही फुटतात, आणि त्यांचा लहानात लहान भाजकच वीस लाखांच्या पलीकडे, २०७१७२३ हा आहे. येथे एखादा माणूस दहा लाखांपर्यंत भागत गेला असता आणि थकून "मूळ आहे" असे म्हणाला असता, तरी तो चुकला असता.

आणि मग येतात एकोणीस एक.

११११११११११११११११११११११११११११११११११११११ असे कितीही लिहीत बसले तरी डोळ्यांना सारखेच दिसते. म्हणून नीट मोजून, तीन-तीनचे गट पाडून लिहावे:

१ १११ १११ १११ १११ १११ १११

ही संख्या वाचायची कशी, हाच पहिला प्रश्न. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत स्थानांची नावे दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र येथपासून अब्ज, खर्व, निखर्व करीत परार्धापर्यंत. ती नावे अठरा आहेत. एकोणिसावा एक त्या ओळीच्याही बाहेर उभा राहतो. तिचा "शेवटचा काठ" सुमारे एकशे पाच कोटींवर आहे. दर मिनिटाला एक भागाकार, खाणे नाही की झोप नाही, अशा हिशेबाने तेथपर्यंत एकेका संख्येने भागत जायचे म्हटले तर दोन हजार वर्षे लागतील. आता फर्माचा नियम लावावा. भाजक असेल तर तो ३८ च्या पटीत एक मिळवून आलेला असणार. तेवढ्यानेच एकशे पाच कोटींचे सुमारे पावणेतीन कोटी होतात, आणि दोन हजार वर्षांची त्रेपन्न वर्षे. एका माणसाच्या आयुष्यात मावण्यासारखे काम झाले! याहून जवळच्या वाटा गणितात आहेत, आणि त्या वाटांनी जाऊन ऑस्कर हॉप नावाच्या गृहस्थाने सिद्ध केले, की एकोणीस एकांच्या या संख्येला कोणीही भाजक नाही. "सापडला नाही" असे नव्हे, नाही. अकरानंतर भेटलेली ही दुसरी मूळ संख्या.

तिच्यापाठोपाठ तेवीस एकांची संख्या मूळ असल्याचे १९२९ साली सिद्ध झाले. त्यानंतर मात्र बराच काळ अंधार होता. ३१७ एकांची संख्या ह्यू विल्यम्स यांनी १९७७ साली सिद्ध केली, १०३१ एकांची १९८६ साली, आणि ४९,०८१ एकांची तर २०२२ साली. अशा संख्या कोठे संपतात की संपतच नाहीत, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही. दुसऱ्या प्रकारच्या मूळ संख्यांत मजल याहून पुष्कळ पुढे गेली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात जी सापडली तिच्यात चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंक आहेत. दोन मोठ्या मूळ संख्या गुणणे सोपे, पण गुणाकारावरून त्या ओळखणे फार कठीण. या एका अडचणीच्या भरवशावर आज पेढ्यांचे व्यवहार आणि लोकांचे खासगी निरोप कुलूपबंद ठेवले जातात. भवानी पेठेतल्या मुलाला बावन्न भागाकार करायला लावले ते याच अडचणीने.

त्या वेळी यातले पुष्कळसे घडायचे होते. मुलाजवळ होती एक पाटी, एक वही आणि कोणा दूरच्या माणसाने काढलेले उत्तर. उत्तर ठाऊक असूनही त्याने एका संध्याकाळी वहीच्या नव्या पानावर एकोणीस एक लिहिले, ते दोनदा मोजले, आणि ३८ च्या पटींत एक मिळवीत बसला. ३९ मूळ नाही, ७७ नाही, ११५ नाही, १५३ नाही. १९१ मूळ आहे. त्याने भागले, बाकी उरली ८४. पुढची २२९. भागाकार लांबला, वहीच्या तळाशी पोचला, बाकी १८०.

आतून रहाटाचा आवाज थांबला. वडिलांनी विचारले, "ताणा पाहिलास का?"

"अजून नाही," मुलगा म्हणाला. त्याने वही मिटली, कंदील उचलला आणि डाव्या काठावर तळहात ठेवला.